अर्धं बोरन्हाण

इराच्या शेवटच्या बोरन्हाणाला तीन काळे फ्रॉक आले. पाच वर्षं पुरी झाली की बोरन्हाण संपतं, म्हणून यंदा काही राहून जायला नको, असं ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवलं होतं. एकमेकांना मात्र कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं नाही आणि मग रुसायचं, ही या घराची जुनी खोड.

पहिला फ्रॉक आजीने, म्हणजे कुमुदने घरच्या मशीनवर शिवला होता. फुग्याच्या बाह्या, आणि खाली तिच्या जुन्या चंद्रकळेचा काठ. दुसरा आत्याने, अनुयाने मोबाइलवरून मागवला होता. त्यावर चंदेरी चांदण्या होत्या आणि त्या टोचत होत्या. तिसरा इराच्या आईने, क्रांतीने उरणच्या बाजारातून आणला होता. अगदी साधा, सुती. पण त्याला दोन खोल खिसे होते, कारण फोनवर इराने तेवढंच मागितलं होतं. शिंपले ठेवायला.

"पोरीच्या फ्रॉकला खिसे?" कुमुद म्हणाली. "कंडक्टर व्हायचंय का तिला?"

"झाली तर झाली," क्रांती म्हणाली.

क्रांतीची आई मनुबाई पडवीच्या पायरीवर बोरांची टोपली मांडीशी धरून बसली होती. लेकीने तिला वाटेत माणगावला गाडीत घेतलं होतं. "माजा फ्राक न्हाय बा," ती म्हणाली. "मी आपली बोरं आनली. बांदावरची हायत, गोड हायत."

तोवर इराने आपला निकाल लावून टाकला होता. तिने आत खिशांचा फ्रॉक घातला, त्यावर आजीचा चढवला, आणि चांदण्यांचा डोक्याला बांधून द्या म्हणून हटून बसली. अनुयाने तो गाठ मारून बांधून दिला आणि वर बजावलं, "आता शहाण्यासारखं बसायचं हं."

श्रीवर्धनचा जानेवारी म्हणजे दुपारी चांगला घाम काढणारा. दोन फ्रॉक आणि मुंडासं घातलेली इरा घामेजली, पण काढायला तयार नव्हती. हट्ट कुणाकडून आला यावर घरात दोन मतं होती, आणि दोन्ही बाजू तो मान आपल्याकडे घ्यायला तयार होत्या.

*

स्वयंपाकघरात कुमुद हलव्याचे दागिने ताटात मांडत होती. हार, बाजूबंद, मुकुट. हलवा तिने स्वतः केला होता. मंद शेगडीवर परात ठेवून, चमच्या-चमच्याने पाक घालत, बोटांनी तीळ फिरवत. बोटांची टोकं भाजून लाल झाली होती. विकत छान मिळतो, असं अनुयाने सांगून पाहिलं होतं. विकतच्या हलव्याला काटा येतो, पण तो तिच्या नातीसाठी आलेला नसतो, असं कुमुदचं म्हणणं. तिने आयुष्यात कधी कुणाला 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हटलं नव्हतं. नातीला ती 'काळुंद्री' म्हणे, 'माकडतोंडी' म्हणे. चांगलं म्हटलं की दृष्ट लागते. त्यामुळे इराला ती जितकी नावं ठेवी, तितका तिचा जीव जास्त अडकलेला आहे असं समजायचं.

क्रांती दारात उभी राहिली.

"आई, फोनवर बोलले होते ते परत सांगते. उद्या सकाळी इराला घेऊन मी निघतेय."

"मुकुट जरा मोठा झालाय का गो?" कुमुद म्हणाली.

"आई."

"ऐकलं. बहिरी नाहीये मी. जूनमध्ये शाळा आणि जानेवारीत नेतेस?"

"तिला तिथली सवय व्हायला हवी. मलाही हवी."

क्रांती न्हावा शेव्याला कंटेनर यार्डाच्या कंट्रोल रूममध्ये होती. कुठला डबा कुठल्या ओळीत, कुठला ट्रक कुठल्या फाटकातून, हे ती ठरवी. नोकरी लागली तेव्हा इरा नुकती अंगावरून सुटली होती. नवरा सुयश बोटीवर, आणि क्रांती आणखी दोघींबरोबर एका खोलीत. तेव्हा कुमुद आपण होऊन म्हणाली होती, पोर माझ्याकडे ठेव. आता उरणला दोन खोल्यांची जागा मिळाली होती.

"तुझी रात्रपाळी असली की पोर कोणाकडे?"

"आयेकडे. ती येतेय राहायला. भाताचं माझा भाऊ शुभम बघेल."

"म्हणजे आजीकडेच ना?" कुमुदने ताट खाली ठेवलं. "मग या आजीत काय खोट आहे? तिथे खाडीचा वास, ट्रकांची धूळ. इथे वाडी आहे, समुद्र आहे, सख्खी आत्या शिकवायला आहे. सांग ना, काय कमी केलं आम्ही?"

प्रश्न चोख होता. क्रांतीने वाटेत तयार केलेली उत्तरं बाजूला ठेवली.

"काही कमी केलं नाही," ती म्हणाली. "पण पाळी संपवून मी दार उघडते, तेव्हा आत ती असायला हवी. बास."

"बास म्हणे!" कुमुद म्हणाली. "सुयशचंही माझ्यासारखंच मत आहे. परवाच बोलला."

"मला तर तो म्हणाला, तू म्हणशील तसं."

पाण्याला आलेली अनुया दोघींमध्ये अडकली. तिला हसू आलं, पण दाबलं. "त्याचे दोन्ही डगरींवर हात आहेत," ती म्हणाली. "मला म्हणाला, ताई, तूच काय ते बघ. आणि इराला सायकल पाठवतोय. मोठ्या मुलांची. बोटीवरून त्याला पोर केवढी दिसते देव जाणे."

अनुया हायस्कुलात मराठी शिकवायची. रोज संध्याकाळी ती इराला ओटीवर बसवून अक्षरं गिरवून घ्यायची, आणि 'श' नीट निघेपर्यंत उठू द्यायची नाही. इरा रडली तर तिलाही रडू यायचं, पण ती 'श' सोडायची नाही. या भांडणात ती आईच्या बाजूची होती. आईचं म्हणणं पटलं म्हणून नव्हे. संध्याकाळी ओटीवर कुणी नसेल, हे तिला सोसणारं नव्हतं.

बाहेरून इरा ओरडली, "आई! क्रांती! लवकर या, मुलं आली!"

घरात सगळे कुमुदला आई म्हणत, म्हणून इराही आई म्हणे. सगळे क्रांतीला क्रांती म्हणत, म्हणून इराही क्रांती. पोरांचा हिशेब सरळ असतो. सुरुवातीला सगळे हसले होते. क्रांतीही हसली होती. तेव्हाच हसायला नको होतं, असं तिला आता फार वाटे.

*

इराचे आजोबा, म्हणजे दादा, खळ्यात एकटेच बसले होते. भोवती असोल्या, सालासकटच्या सुपाऱ्या वाळत पडलेल्या, केशरी आणि लाल. बायकांच्या बोलण्यात आपण पडू नये, असं त्यांचं धोरण होतं. त्या धोरणामुळे घरातला एकही निर्णय त्यांनी आजवर घेतला नव्हता आणि एकही त्यांना पसंत नव्हता.

नातीला त्यांनी चारचौघांत कधी उचलून घेतलं नाही. पण सकाळी वाडीत पोफळीचं झाप गळून पडलेलं दिसलं की ते हाक मारत, "कोण बसतंय गाडीत?" मग इरा झापाच्या रुंद बुडख्यावर बसे, आणि दादा शेंडा धरून तिला पाटाच्या कडेने ओढत नेत. वैद्यांनी कमरेला जपा म्हणून सांगितलेला माणूस वाडीला पुरता फेरा घालून येई. घरी आल्यावर कंबर का दुखते, याचं कारण काही सांगत नसे.

या घराच्या बोरन्हाणात बोरं, चुरमुरे, उसाचे करवे आणि हलव्याबरोबर चार सुपाऱ्याही असत. आपल्या वाडीचं काहीतरी लेकराच्या डोक्यावरून पडलं पाहिजे, असा जुना रिवाज. त्या सुपाऱ्या नेहमी वाळलेल्या, दगडासारख्या टणक असत. गेल्या वर्षी एक नेमकी इराच्या टाळूवर आपटली. पोर कळवळली. दादांनी ते विसरलेलं नव्हतं.

म्हणून यंदा त्यांनी ओल्या, कोवळ्या सुपाऱ्या उतरवून घेतल्या. साल काढलं, अडकित्त्याने अर्ध्या केल्या. बोटाने दाबून पाहिल्या. मऊ होत्या, लागायच्या नाहीत. कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनी त्या मनुबाईच्या बोरांत मिसळल्या आणि हात धोतराला पुसले.

*

पाटावर बसलेली इरा हलव्याचा मुकुट घालायला तयार होईना, कारण डोक्यावर तिसरा फ्रॉक होता. शेवटी मुकुट मुंडाशावर बसवला. कुमुदने ओवाळलं आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "काळुंद्री दिसतेय मेली," ती म्हणाली आणि डोळे टिपायला वळली.

आधी अनुयाने ओंजळ ओतली. मग मनुबाईने टोपलीच उचलली. "घे गो बाय, ऱ्हाऊ दे सुखात," म्हणत तिने बोरांचा असा सडा केला की पडवीभर बोरं धावली. पोरांनी एकच झुंबड केली. इरा पाटावरून उठली, वरचा फ्रॉक वर केला आणि आतले खिसे भरू लागली. कुमुदची ओंजळ सगळ्यांत शेवटी असायची. ती हलव्याची वाटी घेऊन थांबली होती.

पोरांनी सुपारीचे तुकडे तोंडात घालून लगेच थूः केले. तुरट. इरा मात्र थुंकली नाही. दादा जेवण झाल्यावर सुपारीचं खांड गालात धरतात, तसं तिने ते गालात धरलं, आणि दादांकडे बघत चावलं. ते बघायला दादांचं लक्ष कुठे होतं!

पहिल्यांदा क्रांतीला दिसलं. इराचे कान लाल झाले होते. कपाळावर घामाचे थेंब, आणि डोळे कुठेतरी भलतीकडे.

"इरा? इरा, काय होतंय?"

"घर फिरतंय," इरा म्हणाली, आणि खालीच कोसळली.

पडवीत नुसता कल्ला झाला. कुमुद मीठमोहऱ्या आणायला आत धावली, दृष्टच लागली म्हणत. अनुयाने डॉक्टरांना फोन लावला, आणि तो उचलला जाईना म्हणून अनवाणी त्यांच्याच घरी पळाली. मनुबाईने दोन्ही फ्रॉकांच्या गाठी सोडल्या, तोंडावर पाणी मारलं. पोरीच्या तोंडातून लाळ सुटली होती. क्रांतीने तिला मांडीवर आडवं घेतलं.

"आई," इरा पुटपुटली. "आई पाहिजे."

क्रांतीने तिला आणखी घट्ट धरलं. कोण पाहिजे ते तिला ठाऊक होतं. पण आत्ता हात सोडायचा नाही, एवढंच तिला कळत होतं.

मग इराला उलटी झाली. बोरं, चुरमुरे आणि चावलेल्या सुपारीचा लालसर चोथा.

"सुपारी लागलीय पोरीला," मनुबाई म्हणाली. "ओली सुपारी. बगा."

डॉक्टर आले, नाडी बघितली, डोळे बघितले, छातीला नळी लावली. इतक्यात इरा "मला तहान लागली" म्हणाली. "थोडक्यावर निभावलं," डॉक्टर म्हणाले. "तासभर मी इथेच बसतो. झोपू द्या, पण एकटं ठेवू नका. आणि लहान मुलांच्या हाती सुपारी येते कशी, हे तुम्हाला मी सांगायचं का?"

*

इरा क्रांतीच्या मांडीवर झोपली. शेजारच्या बायका पोरांना घेऊन गेल्या. आणि मग सगळ्यांना बोलायला जागा झाली.

"टोपलीतून आली ती," कुमुद म्हणाली. "कुठली कुठली बोरं गोळा करून आणायची, त्यात काय आहे बघायचं नाही. आणि वर ते खिसे! खिसे नसते तर एवढी साठवून खाल्ली असती का तिने?"

"सुपारी?" मनुबाई उभी राहिली. आतापर्यंत ती पायरीवर होती, आता ओटीवर आली. "आमच्यात पोफळी कुटं हाय, वैनी? आमी भात लावताव. सुपारी तुमच्या खळ्यात पडलीय, बगा की. माज्या बोरांना नावं ठिवू नका. नातीसाटी काटं टोचून घेतलेत मी."

"आई, पुरे," अनुया म्हणाली. ती अजून अनवाणी होती. "मनुबाईंना बोलायचं काही कारण नाही. काही बोलायचं तर मला बोल, मी शेजारी बसले होते."

कुमुदने लेकीकडे बघितलं. ही आपल्या बाजूची होती ना?

"अनुयाचीही चूक नाही," खळ्याच्या दारातून दादा म्हणाले. "मी घातल्या."

कुमुद त्यांच्याकडे वळली.

"टणक डोक्यात बसतात. गेल्या वर्षी रडली होती. म्हटलं, कोवळ्या घालू." त्यांनी हात पुढे केले, जणू सुपाऱ्या अजून त्यांच्याच हातात होत्या. "जन्म गेला सुपारीत. ओली लागते हे मला माहीत नाही का? पण खाईल असं मनातच आलं नाही. फक्त डोकं आलं मनात."

मनुबाई लेकीजवळ येऊन हळूच म्हणाली, "बोल आता. आता कोन न्हाय म्हनतंय बगते."

क्रांतीला ते कळत होतं. समोर तिचं काम आयतं होऊन पडलं होतं. तुमच्या डोळ्यांदेखत हे झालं, एवढं म्हटलं की झालं. सासू गप्प बसली असती, सुयशनेही मुकाट मान हलवली असती. दादांचा चेहरा तर असा होता की त्यांनी स्वतःच पोरीची पिशवी भरून दिली असती.

"दादा," ती म्हणाली, "इराला मी सुपारीमुळे नेत नाहीय. पुढे कुणी विचारलं तर असं कधी सांगू नका."

"अगो, पण—"

"सुपारी उरणलाही लागली असती. तिथे ट्रक आहेत. इथे विहीर आहे. तुम्ही सगळ्यांनी तिला जपलं, मला ठाऊक आहे, आणि हे झालं म्हणून ते खोटं ठरत नाही. तुमची चूक दाखवून मला माझी मुलगी न्यायची नाही. चूक झाली नसती तरी नेणारच होते. ती मला हवी आहे. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही, आणि मी ते शोधणार पण नाही."

दादा चौकटीला धरून खाली बसले. मनुबाईने कपाळाला हात लावला, पण लेकीकडे बघताना तिची मान ताठ होती.

कुमुद मात्र हरणारी नव्हती. "आणि रात्री तिने तिथे माझ्या नावाने आकांत केला तर?"

"करेल. मी जवळ असेन."

"तुला आई म्हणत नाही ती." कुमुदने मनातलं सगळ्यांत धारदार होतं ते बाहेर काढलं, आणि काढल्याबरोबर तिचं तिलाच लागलं.

क्रांतीचे डोळे भरले. तिने ते पुसले नाहीत, लपवलेही नाहीत.

"नाही म्हणत. क्रांती म्हणून हाक मारली तरी मी ओ देईन."

कुमुद उठली आणि आत गेली. आतून डबे उघडल्याचे, आपटल्याचे आवाज येत राहिले. डॉक्टरांनी सरबत घेतलं, इराला पुन्हा तपासलं आणि ते गेले. अनुयाने पडवी झाडली. प्रत्येक सुपारीचा तुकडा वेचून खळ्यात नेऊन टाकला.

दिवेलागणीला इरा उठली आणि भूक लागली म्हणाली. मनुबाईने मऊ भात भरवला. त्यावर तूप घालायला कुमुद बाहेर आली, ती बाहेरच थांबली. तिच्या हातात हलव्याची वाटी होती.

"पाटावर बसव तिला," ती क्रांतीला म्हणाली. "अर्ध्या बोरन्हाणावरून पोर घराबाहेर पडायची नाही. ते माझ्या घरात चालायचं नाही."

"आई, आज ती दमलीय..."

"मी अजून हो म्हटलेलं नाही," कुमुद म्हणाली. "तीळगूळ दिला म्हणजे गोड बोलेन, असं समजू नकोस. बसव."

इरा पाटावर बसली. आता अंगावर एकच फ्रॉक होता, खिशांचा. कुमुदने ते पाहिलं. तिने वाटी कलती केली आणि हलवा अगदी हळू, दाण्या-दाण्याने तिच्या केसांतून सोडला. टाळूवर बाळपणी तेल जिरवायची, तसा हात फिरवत. मग काठाच्या चिंध्या भरलेली जुनी उशी आतून आणून पिशवीत कोंबली, जिच्यावाचून इरा झोपत नसे. पिशवी तोंडापर्यंत भरलेली होती. आतले डबे मघाशी आपटत होते ते याचसाठी.

उरलेला हलवा तिने डब्यात घातला आणि झाकण दाबून डबा इराच्या हातात दिला.

"जा. आईला दे."

इराने डबा घेतला, एकदा गोल वळली आणि परत कुमुदपुढेच धरला. तिला जे माहीत होतं तेच तिने केलं.

कुमुदचे हात डब्याकडे गेले. क्षणभर डबा दोघींच्या हातांत राहिला. मग तिने नातीचे खांदे धरून तिला क्रांतीच्या दिशेने वळवलं.

"मी आजी, माकडतोंडे," ती म्हणाली. "आई ती."